डावीकडून तिसरी

थोरली मैदानात शिरली ती भांडायच्या तयारीनंच. सकाळचे दोन पेशंट तिनं पुढे ढकलले होते, एकाची दाढ उद्यावर टाकली होती आणि गाडीतून उतरायच्या आधी काय काय बोलायचं ते मनात पक्कं केलं होतं. समोरचा तोंड उघडून पडलेला असतो, उलट बोलू शकत नाही, त्यामुळे आपलं म्हणणं शेवटपर्यंत मांडायची सवय दातांच्या डॉक्टरांना असतेच. घरच्यांची तोंडं मात्र मोकळी असतात, तिथे पंचाईत होते.

मैदानाच्या मधोमध ताडपत्रीच्या मांडवात तिचा धाकटा भाऊ आवाजाच्या मिक्सरवर वाकून बसला होता. पन्नाशी उलटली तरी घरात त्याला बंड्याच म्हणत. साउंड सिस्टिम भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा होता आणि या संगीत महोत्सवाचा आवाज सलग सहाव्या वर्षी त्याच्याकडे होता.

"आलीस," तो मान वर न करता म्हणाला.

"न येऊन सांगते कुणाला. माई कुठाय?"

"स्टेजवर. साउंड चेक चाललाय. ताई, आधी एकदा ऐक तरी."

"आठवडाभर फोनवर ऐकतेच आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तू चार हजार लोकांपुढे उभं करणार."

"मी कुठे करतोय. चिमणीनं विचारलं, माई हो म्हणाली."

"चिमणीला नाही म्हणवत नाही म्हणून हो म्हणाली. तुम्ही कुणीच त्या पोरीला कधी नाही म्हणाला नाहीत, म्हणून तर ती असं कानठळ्या बसवणारं वाजवते."

चिमणी ही बंड्याची मुलगी. जन्मली तेव्हा दोन किलोचीही नव्हती म्हणून हे नाव पडलं. आता बावीस वर्षांची होती, इलेक्ट्रिक गिटार वाजवायची आणि तिचा चौघांचा रॉक बँड सुरू झाला की शेजारचे खिडक्या लावून घेत. यंदाच्या महोत्सवाची कल्पना अशी होती, की प्रत्येक बँडनं स्वतःच्या गाण्यांसोबत दक्षिणेतल्या सिनेमांतलं एक जुनं गाणं आपल्या पद्धतीनं वाजवायचं. त्या गाण्यांमागे जे वादक, जे कोरसवाले होते आणि ज्यांची नावं कुठे छापलीच गेली नाहीत, त्यांची आठवण ठेवायची. बाकीचे बँड अशा माणसांचे फोटो शोधत फिरत होते. चिमणीच्या घरात तर असं जिवंत माणूसच बसलं होतं. थोरलीच्या आणि बंड्याच्या आईनं, माईनं, तिकडच्या स्टुडिओंत सहा वर्षं कोरस गायला होता.

बंड्याची बायको खांद्यावर पिशवी अडकवून लगबगीनं आली. ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि माईच्या गोळ्या, जेवण, झोप सगळं तिच्याच हातात होतं.

"बरं झालं आलात, ताई. माझं इथे कुणी ऐकत नाही. बीपीचं मशीन घेऊन फिरतेय मी सकाळपासून."

"वहिनी, तुम्ही आणि मी मिळून तिला घरी नेऊ."

"मी केव्हाची तयार आहे," वहिनी म्हणाल्या.

बंड्यानं दोघींकडे पाहिलं आणि हेडफोन कानांवर ओढले.

स्टेजवर माई माईकसमोर उभी होती. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात चष्मा, हातात कागद. तिकडच्या भाषेतले शब्द तिनं मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून घेतले होते. नावाड्याची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. मूळ गाण्यात मुख्य आवाज त्या काळच्या एका मोठ्या गायिकेचा होता आणि तिच्यामागे अकरा जणींचा कोरस. आज तो मुख्य आवाज माईनं द्यायचा, असं ठरलं होतं.

चिमणीनं गिटार छेडली, ड्रमरनं नुसत्या काड्यांनी ताल धरला. माई सुरू झाली. पहिली ओळ बरी आली. दुसऱ्या ओळीला आवाज बारीक झाला, तिसरीला आणखी बारीक. तिसरीच्या शेवटी थोरलीच्या लक्षात आलं की माई मूळ चाल गातच नाहीये. ती खालच्या सुरांत शिरली होती, जिथे कोरस असतो तिथे. वर कुणीच नव्हतं.

ताल थांबला. माईनं इकडेतिकडे पाहिलं.

"मुख्य कोण म्हणतंय?" तिनं विचारलं.

"तूच, आजी," चिमणी म्हणाली.

"हो, ते खरंच," माई म्हणाली आणि कागदाकडे पाहत राहिली.

आणखी तीनदा प्रयत्न झाला. तिन्ही वेळा तेच. माईकवरून मैदानभर तिचा श्वास ऐकू येत होता. मागे खुर्च्या लावणारी माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली होती. भांडणाचा एकही मुद्दा थोरलीला काढावा लागला नाही. आपलंच म्हणणं खरं ठरत होतं आणि तिला त्याचा जराही आनंद होत नव्हता.

*

मैदानाला लागून शाळेची व्यायामशाळा होती. तिथली कपडे बदलायची खोली कलाकारांना दिलेली. लोखंडी कपाटं, भिंतभर आरसा, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या चटया. माई बाकावर बसून कोमट पाणी पीत होती. थोरली आत आली आणि उभीच राहिली, हे माईनं आरशात पाहिलं. लहानपणीही ही अशीच उभी राहायची. बस म्हटल्याशिवाय बसायची नाही, आणि बस म्हटलं तर मुद्दाम बसायची नाही.

"घरी जाऊ या," थोरली म्हणाली. "चिमणीला मी समजावते."

"आवाज बरा आहे गं माझा. फुटत नाही, कापत नाही."

"मग काय होतंय?"

माईनं ग्लास खाली ठेवला. "एका माईकभोवती आम्ही अकराजणी उभ्या राहायचो. जमिनीवर खडूच्या खुणा असायच्या. माझी खूण डावीकडून तिसरी, आणि सगळ्यांच्या अर्धं पाऊल मागे. माझा आवाज पुढे यायचा ना. काचेमागून रेकॉर्डिस्ट नुसतं बोट हलवायचा. 'तिसरी, मागे.' नाव ठाऊक नव्हतं त्याला. सगळ्यांचा मिळून एक आवाज झाला पाहिजे. आपला आपल्याला ऐकू आला, की समजायचं चुकलं. सहा वर्षं तेवढंच शिकले. आता पायाशी ठेवलेल्या त्या स्पीकरमधून माझा मलाच ऐकू येतो आणि वाटतं, चुकतंय. की मी मागे सरकते."

"मग हे घरी सांगायचं होतंस. हो कशाला म्हणालीस?"

"गाऊन बघावंसं वाटलं म्हणून."

थोरली आरशाकडे पाठ करून वळली. आपण काय बोलणार आहोत ते तिला बोलायच्या आधी क्षणभरच कळलं.

"वाटलं म्हणून. तुझं नेहमी असंच. वाटलं म्हणून बंड्याला नेलंस आणि मला मावशीकडे ठेवलंस."

ही गोष्ट या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. बाबांना तिकडच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवर काम मिळालं तेव्हा थोरली सहा वर्षांची होती आणि बंड्या पोटात. दोघं गेले, तिला ठेवून. सहा वर्षं, ते परत येईपर्यंत, ती मावशीकडे वाढली. बंड्या स्टुडिओच्या पायऱ्यांवर, वायरींच्या वेटोळ्यांत रांगला. ती सुट्टीत पंधरा दिवस जायची आणि पाहुणीसारखी परत यायची.

"तुझी शाळा होती," माई म्हणाली. "तिकडची भाषा तुला—"

"हे मावशीनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. मला पाठ आहे."

बाहेर कुणीतरी बास गिटारची एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत होतं. माईला वाटलं, आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल. आणि सांगितलं तर ही पोरगी उठून जाईल ती कदाचित कायमचीच. दोन्हीची भीती सारखीच होती.

"ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "पण सगळं तेवढंच नव्हतं. दोन वर्षांनी तुझे बाबा म्हणाले होते, चल परत जाऊ, मुलीची आबाळ होतेय. मी म्हणाले, अजून एक वर्ष. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. चार वेळा म्हणाले मी ते. बाबा नाहीत, मी."

"का?"

"मला आवडायचं तिथे." माईचा आवाज आता आपसूक स्वच्छ आला. "सकाळी सातला दार उघडायचं. साठ माणसं वाद्यं जुळवत असायची. कागद हातात पडायचा आणि दुपारपर्यंत त्यातून गाणं उभं राहायचं. जगात नव्हतं ते, आणि दुपारी असायचं. माझ्याशिवायही झालं असतं, ते काही मला कळत नव्हतं असं नाही. तरी आवडायचं. तुझी आठवण यायची आणि तरीही आवडायचं. याची माफी मागायची असेल तर मागते. पण नाइलाज होता असं नाही म्हणणार. म्हणत आले इतकी वर्षं. खोटं आहे ते."

थोरली दार उघडून बाहेर गेली. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. माईला ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

*

व्यायामशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर चिमणी गिटार मांडीवर घेऊन बसली होती. बँडचा गायक, एक उंच, अबोल पोरगा, तिकडच्या भाषेतले शब्द तळहातावर उतरवून घेत होता. आयोजकांना एकपर्यंत नक्की काय ते कळवायचं होतं. साडेबारा झाले होते.

"मी आजीला त्रास दिला," चिमणी म्हणाली. "हौस माझी, भोगतेय ती. तूच म्हण गाणं."

"माझा उच्चार ऐकून तिकडचे लोक हसतील," गायक म्हणाला.

"हसू देत."

चिमणीची आई पिशवी सांभाळत पायऱ्या उतरून आली आणि लेकीशेजारी टेकली.

"इतक्यात कळवू नकोस," ती म्हणाली.

चिमणीनं चमकून पाहिलं. "तूच तर नको म्हणत होतीस. तू आणि आत्या."

"बीपीसाठी म्हणत होते. आत्ता मोजलं. एकशे तीस. घरी मालिका बघताना याहून जास्त असतं. आता त्यांना न गाता घरी नेलं तर मात्र वाढेल, मी लिहून देते. पंधरा वर्षं त्यांचं करतेय गं. ओट्याशी उभ्या राहून गुणगुणतात तेव्हा मी आले की गप्प होतात. का, ते आज कळलं. दाराशी होते मी, आतलं सगळं ऐकू आलं."

"मग काय करू? तिला एकटीनं जमत नाहीये."

चिमणीनं फोन पायरीवर ठेवला आणि मूळ गाणं लावलं. गायकाला सुरुवातीची जागा समजावून देत ती स्वतः कोरसचे सूर गिटारवर शोधायला लागली. दुसरं कडवं संपलं, कोरस आला, तिनं बोटं फिरवली.

"तिथे 'आ' नाहीये. 'ओ' आहे," वरून आवाज आला. "आणि शेवटचा सूर खाली उतरत नाही, तिथेच थांबतो. बाकीच्या उतरतात, एक थांबते."

वरच्या कठड्याशी आत्या उभी होती. डोळे लाल, पण आवाज दवाखान्यातला, सूचना देणारा. चिमणीनं गाणं मागे घेतलं, कान लावून ऐकलं. खरंच, अकरा आवाजांत कुठेतरी तळाशी एक सूर थांबलेला होता. दोन महिने हे गाणं घोटून तिला तो ऐकू आला नव्हता.

"आत्या, तुला कसं माहीत?"

"येतं मला."

"गाणं येतं?"

"गाणं नाही येत. शब्दही नाहीत. कोरस येतो."

चिमणी नुसती गिटारवर मूळ चाल वाजवायला लागली, हलकी, बिनविजेची. आत्या थोडा वेळ कठड्यावर बोटं टेकून उभी राहिली. मग कोरसची जागा आली तशी ती गायली. आवाज भारदस्त वगैरे नव्हता. साधा, बिनसरावाचा, पण सुराला चिकटून. दुसरी जागा आली, तीही बरोबर. तिसऱ्या जागेला तिनं शेवटचा सूर धरून ठेवला.

"आमच्याबरोबर उभी राहा," चिमणी म्हणाली. "आजी वर, तू खाली. खाली कुणी असलं तर ती वर जाईल."

"मी लोकांच्या तोंडात बघते. लोकांनी माझ्या तोंडात बघायची मला सवय नाही."

"आत्या."

"आणि मी तिच्यावर रागावलेली आहे. सगळं मिटलंय असं कुणी समजू नका."

"नाही समजत," चिमणीची आई म्हणाली. "रागावूनच गा, ताई."

आत्या हसली नाही, पण वळून व्यायामशाळेत गेली. चिमणी तिच्या मागोमाग. दार अर्धवट उघडं राहिलं आणि चिमणी तिथेच थबकली.

आजी बाकावर तशीच होती. आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काही न सांगता गायला लागली, दुसऱ्या कडव्यानंतरचा तो तुकडा. आजीनं आधी नुसतं ऐकलं. मग तिचा हात मांडीवर ताल धरायला लागला आणि मध्येच थांबला.

"हे माझं आहे," आजी म्हणाली. "कोरसचे तीन भाग होते. हा माझा भाग. हा ऐकूसुद्धा येत नाही नीट. कुणी शिकवलं?"

"मावशीकडे रेडिओ होता. हे गाणं आठवड्यातून दोनदा लागायचं. मावशी म्हणायची, तुझी आई आहे बरं का यात. मला वाटायचं, मोठ्यानं गातेय तीच तू. मग बाबांनी सांगितलं, तू मागे आहेस. मग मी मागचं ऐकायला लागले. एकेक आवाज वेगळा करायचे. वर्ष गेलं त्यात. शेवटी एक ठरवला, की हा तुझा." आत्या एक पाऊल पुढे आली. "बरोबर होता की नाही, हे कुणाला विचारताच आलं नाही. तुला विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस, अशी भीती वाटायची. तेवढं सांग. बरोबर आहे का?"

आजी उठली. तिला गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागायचा, तेवढा लागलाच.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मीच आहे ती."

चिमणीनं आयोजकांना कळवलं तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. एका माईकऐवजी दोन लागतील, एवढंच ती म्हणाली.

*

बंड्याला मिक्सरमागून जग नेहमी थोडं लांबून दिसायचं आणि फार जवळून ऐकू यायचं. चार वाजून दहा मिनिटांनी मैदान भरलं होतं. पोरंपोरी गवतावर बसलेली, मागच्या रांगांत त्यांचे आईबाप, उन्हाच्या तिरिपीत सगळ्यांच्या सावल्या लांब झालेल्या. चिमणीच्या बँडनं आधी स्वतःची दोन गाणी झोडपून घेतली होती. कानांत दडे बसले होते. मग चिमणी माईकपाशी आली आणि म्हणाली, "आता एक जुनं. याच्या कोरसमध्ये माझी आजी होती. आजही आहे, पण आज पुढे आहे."

माई आली. मागून ताई आली, दवाखान्यात घालते तीच चप्पल घालून. आवाज कमीजास्त करायला बंड्यानं मिक्सरच्या एका सरकत्या खुंटीवर, फेडरवर, उजवं बोट ठेवलं, दुसऱ्यावर डावं. सगळ्या कलाकारांसाठी तो हेच करत आला होता. पण आज त्यानं बोटं आधी पँटला पुसून घेतली होती.

माईनं पहिली ओळ म्हटली. मैदान शांत होत गेलं. दुसरी ओळ. आणि मग कोरसची पहिली जागा आली, ताईचा आवाज खालून उठला आणि जे व्हायला नको होतं तेच झालं. लेकीचा सूर ऐकताच माईचा सूर त्याच्याकडे ओढला गेला, सवयीनं. दोघी एकाच ओळीवर आल्या. मुख्य चाल मोकळी पडली. चिमणीची गिटार एक आवर्तन घेऊन तिथेच घुटमळली, ड्रमरनं मान वर केली. बंड्यानं माईचा फेडर वर ढकलला. काही उपयोग नव्हता. नसलेला सूर तो कुठून वाढवणार.

ताईनं गाणं थांबवलं. ती माईकडे वळली. माईकपासून तोंड दूर घ्यायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती जे बोलली ते बंड्याच्या हेडफोनमध्ये आलं आणि चार हजार लोकांनाही गेलं.

"माई, तू वर जा. खाली मी आहे."

गवतावर कुणीतरी हसलं. चांगलं हसणं होतं ते. मग टाळ्या पडल्या, आधी मागून, आईबापांच्या रांगांतून. माईनं लेकीकडे बघितलं. कागद खाली केला. चिमणीनं पुन्हा सुरुवातीचे सूर दिले.

या वेळी माई वर गेली. जाताना सूर थोडा घासला, पण गेला. ताई तिच्या खाली उभी राहिली आणि हलली नाही. दुसऱ्या ओळीला माईचा आवाज रुंद झाला. इतका मोठा आवाज आपल्या आईच्या गळ्यात आहे, हे बंड्याला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं, आणि त्याचा तर धंदाच आवाज ऐकण्याचा. त्यानं फेडर खाली आणला. तिला त्याची गरज उरली नव्हती. दुसऱ्या कडव्याआधी ड्रम्स आले, बास आला, चिमणीनं पायाखालचं पेडल दाबलं आणि गिटार तिच्या नेहमीच्या आवाजात कडाडली. बंड्याला वाटलं, म्हातारी आता दचकणार. माई दचकली नाही. गिटारच्या आवाजाच्याही वर सूर रोवून उभी राहिली. एक ओळ पूर्ण विसरली, तिथे तिनं बिनशब्दांचंच गायलं. एकदा श्वास पुरला नाही, तेव्हा ताईचा सूर तेवढा ऐकू आला आणि पुढच्या समेवर माई परत त्याच्यावर चढली.

गाणं संपलं. लोक उभे राहत होते ते त्याला धूसर दिसले. शेजारी बसलेल्या हाताखालच्या माणसानं विचारलं, "साहेब, पुढच्या बँडचं सेटिंग लावू ना?"

"लाव," बंड्या म्हणाला. "मला दोन मिनिटं काही दिसत नाहीये."

*

तासाभरासाठी मिक्सर हाताखालच्या माणसाकडे देऊन बंड्या दोघींना घरी सोडायला निघाला, पण माई त्याच्या टेम्पोत चढेना. पायरी उंच होती आणि आत जास्तीचे स्पीकर भरले होते. ती थोरलीच्या गाडीत बसली. वहिनींनी खिडकीतून तिच्या हाताला पट्टा गुंडाळून शेवटचं एकदा बीपी मोजलं, समाधानानं मान हलवली आणि बजावलं, "ताई, सरळ घरी सोडा. गोळी सातला आहे." मग काय वाटलं कुणास ठाऊक, गोळीची पट्टी पिशवीतून काढून थोरलीच्या हातात दिली. "असू दे तुमच्याजवळ. उशीर झाला तर."

सूर्य अजून मावळायचा होता. मैदानातून नव्या बँडचा आवाज मागे मागे राहत गेला. थोरली थकली होती. राग संपला नव्हता, तो जागच्या जागी होता, तिला तपासून बघता येत होता. फक्त त्याच्या शेजारी आता आणखीही काही होतं आणि दोघांना एकाच घरात जागा करून द्यावी लागणार होती.

"तुझा वरचा दात हलतोय," ती म्हणाली. "गाताना दिसला. डावीकडचा."

"महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू उपटशील म्हणून."

थोरलीला हसू आलं. सिग्नल लाल होता. समोरून शाळेतल्या मुलांचा एक घोळका रस्ता ओलांडून गेला.

"हे गाणं कधी रेकॉर्ड केलंत?" तिनं विचारलं. "म्हणजे कुठल्या दिवशी. काय काय झालं होतं?"

असं तिनं कधीच विचारलं नव्हतं. मावशीकडे असताना नाही आणि नंतरही नाही. तिकडची गोष्ट निघाली की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

माईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मंगळवार होता. बंड्याला ताप होता म्हणून मी त्याला बासरीवाल्याच्या बायकोकडे ठेवला होता. संगीतकार नऊला आले, ते चिडलेलेच. रात्रीतून चाल बदलली होती त्यांनी. सगळे कागद फाडले आणि म्हणाले, आता मी गाऊन दाखवतो, तसंच वाजवा. साठ माणसं, कुणाकडे एक कागद नाही."

सिग्नल हिरवा झाला. पुढच्या चौकात बंड्याच्या घराकडे डावीकडे वळायचं होतं.

"तुझे बाबा माझ्याकडे बघून भुवई उडवायला लागले. म्हणजे आज मजा आहे. मुख्य गायिका तर अजून आल्याच नव्हत्या. मग संगीतकारांनी विचारलं, तोवर चाल कोण म्हणून दाखवेल वादकांना?"

चौक आला. मागच्या टेम्पोतून बंड्यानं वळण्याचा दिवा दाखवला. थोरलीनं दाखवला नाही. ती सरळ पुढे गेली, आपल्या घराच्या रस्त्याला, आणि तो लांबचा होता.

"मग?" ती म्हणाली.